पेशव्यांच्या पुण्यातील चर्च

क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चविषयी पुष्कळांची समजूत अशी, की ते इंग्रजांबरोबर आले. समजूत चुकीची आहे. इंग्रजांनी पुणे घेतले ते १८१७ साली. चर्चची स्थापना १७९२ ची. त्याला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी.

याच पेशव्यांच्या पणजोबांचे बंधू चिमाजीअप्पा यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली होती. त्यानंतर ५३ वर्षांनी पोर्तुगीजांच्याच धर्माच्या मंडळींना पेशव्यांनी आपल्या राजधानीत जागा द्यावी, याचे मर्म काय? ते चाकरीत आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई व अंमलदार होते. जागा मिळविण्याच्या कामी त्यांतील दों मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याचे नाव घेतले जाते.

माझी हयात कामगारांत गेली. म्हणून मला या हकिकतीत दानापेक्षा चाकरीचा हक्क अधिक दिसतो. चाकरीस येणारा मनुष्य नुसते दोन हात घेऊन येत नाही. लग्न, लेकराचा बाप्तिस्मा, मर्तिक हे सारे त्याच्याबरोबर येते. पगार दिला की हिशेब मिटला, असे मानणारे धनी आम्ही पुष्कळ पाहिले. दरबाराने तरी येथे तसे मानले नाही.

पुढे पेशवाई गेली, गोऱ्या पलटणी आल्या. त्यांतील आयरिश शिपायांसाठी १८५० साली सेंट पॅट्रिक चर्च उभे राहिले. छावणीमागोमाग गोव्याहून आचारी, पाववाले, शिंपी, बँडवाले आले आणि धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीची भाविकांची वस्ती, वाढत गेला. १८८६ साली पुण्याला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला. तरी उपासनेची भाषा लॅटिनच होती. १९६२ ते १९६५ या काळात रोमला धर्मपरिषद भरली. तिने लोकभाषांना वाट दिली आणि वेदीवर मराठीही आली.

तेव्हा हे चर्च परक्यांचे, असे म्हणण्यापूर्वी सनावळी पाहावी. इंग्रजी निशाण शनिवारवाड्यावर चढण्याआधी पंचवीस वर्षे ते येथे आहे. आजही आपल्या शहरात दूरदूरचे लोक पोटासाठी येतात. त्यांचे श्रम आपण घेतो. त्यांच्या सणासुदीला आणि मर्तिकाला जागा देतो काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.