विकासात्मक अक्षमता व प्रवासव्यवस्था (सातारा–सांगली)

सातारा-सांगलीत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता वा मेंदूचा पक्षाघात असलेल्यांना प्रवासासाठी मोठा आधार एस.टी.चा. साध्या बसभाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते. अक्षमता ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास सोबत्यालाही ५० टक्के. खरे मोल या दुसऱ्या तिकिटाचे: आपला थांबा न ओळखणाऱ्या मुलाला स्वस्त तिकिटाइतकाच हात धरणारा माणूस लागतो. रेल्वेत (पुणे–मिरज मार्ग) सोबतीशिवाय प्रवास न जमणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तीला व सोबत्याला शयनयान वर्गात ७५ टक्के सूट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४१ ने सुगम वाहतूक शासनावर सोपवली. पाटण-जावळीच्या डोंगरी वाड्यांत मात्र सवलतीआधी अडते ते थांब्यापर्यंतच्या वाटेवर, मग बसच्या उंच पायरीवर.