‘द बीस्टमास्टर’ आणि त्याचा प्रेक्षक

‘फॅन्टॅझम’ (१९७९) या भयपटाने निष्ठावंत चाहते मिळवलेल्या डॉन कॉस्करेली यांचा ‘द बीस्टमास्टर’ ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेत झळकला. प्राण्यांशी मनाने बोलणारा नायक ‘दार’, शिकारी पक्षी, काळा रंगवलेला वाघ आणि कोडो-पोडो ही फेरेटची चोरटी जोडी, अशी ही अद्भुतकथा. बालबळी, चेटकिणी असे प्रसंग मात्र भयपटकाराचेच. चित्रपटगृहांत प्रतिसाद बेताचा होता. खरा प्रेक्षक केबल टीव्हीने दिला. एचबीओ आणि टीबीएसवर तो इतक्यांदा लागे, की एचबीओ म्हणजे ‘हे, बीस्टमास्टर्स ऑन’ (बघा, बीस्टमास्टर लागलाय) अशी आद्याक्षरांवरची कोटीच रूढ झाली. घरबसल्या पाहणाऱ्या पिढीने त्याला जिव्हाळा दिला, आणि तो उचितच होता. १९९१ व १९९६ मध्ये पुढचे भाग आले, १९९९ मध्ये मालिकाही.