श्वासावाटे औषध

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास या दोन व्याधींना मिळून एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, आणि तेथे श्वासाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांतील तमकश्वासाचे वर्णन, ज्याने आपल्या घरात दमेकरी पाहिला आहे त्याने अवश्य वाचावे. असा रोगी आडवा पडला की त्याचा जीव कासावीस होतो आणि उठून बसला की त्याला बरे वाटते. आभाळ भरून आले, पाऊस लागला, गारठा पडला किंवा पूर्वेचा वारा सुटला की त्याची धाप वाढते. इतके अचूक निरीक्षण करून ग्रंथकार शेवटी जो निर्णय देतो तो मला त्या वर्णनाहूनही मोलाचा वाटतो. व्याधी नवी असेल तर ती साध्य होईल, एरवी ती याप्य समजावी. अर्थात जोवर उपचार अखंड चालू आहेत तोवर ती ताब्यात राहील आणि उपचारांत खंड पडला की पुन्हा डोके वर काढील. दम्याच्या चिकित्सेचा पुढील सारा इतिहास हा या निर्णयाचा वारंवार विसर पडण्याचा, आणि पुष्कळ हानी सोसून पुन्हा त्याच्यापाशी येण्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

औषध श्वासावाटे द्यावे ही कल्पनाही तितकीच जुनी. सूत्रस्थानात धूमवर्तीची कृती मोठ्या बारकाईने दिली आहे: औषधी द्रव्ये वाटून त्यांचा लगदा शराच्या काडीभोवती थापावा, अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळे लांब आणि जवाच्या दाण्यासारखी दोन्ही टोकांस निमुळती अशी वात करावी, ती सुकली म्हणजे आतली काडी हलकेच ओढून घ्यावी, वातीस तूप माखावे, आणि मग ती नळीच्या तोंडाशी पेटवून धूर घ्यावा. श्वासरोग्यासाठी सांगितलेल्या वातीत हळद, एरंडमूळ, लाख, देवदार, जटामांसी, मनशीळ अशी द्रव्ये येतात. धोत्र्याचे नाव त्यांत नाही. धोत्र्याची पाने आणि मुळे वाळवून चिलमीतून ओढण्याचा प्रघात लोकांत रूढ होता, आणि कंपनी सरकारच्या अमदानीत मद्रासेस तो गोऱ्या वैद्यांच्या नजरेस आला.

तेथील फिजिशियन-जनरल जेम्स अँडरसन यांच्याकडून हा उपाय जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास कळला, आणि १८०२ साली जेंट यांनी धोत्रा विलायतेस नेऊन सिम्स नावाच्या डॉक्टरांच्या हवाली केला. मुळांची रवानगी हिंदुस्थानातून करण्याची गरज फार दिवस उरली नाही, कारण त्याच कुळातले एक झुडूप इंग्लंडच्या उकिरड्यांवरही माजत असे, असे लवकरच ध्यानी आले. स्वतः दमेकरी असलेल्या रॉबर्ट ब्री यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरांनी या धुराविरुद्ध कळकळीने लिहिले, पण ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. शतक संपण्याच्या आत युरोप-अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत दमेकऱ्यांसाठी खास सिगारेटी आणि जाळून धूर घेण्याच्या पुडी सर्रास विकल्या जाऊ लागल्या. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराने अशा धुराने भरलेल्या खोलीत आयुष्याची कित्येक वर्षे काढली. लेकरांचीही यातून सुटका नव्हती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांना लहानपणी दम्याची उबळ आली की कडक काळी कॉफी पाजीत आणि चिरूटही ओढावयास लावीत. त्यांतील कॉफीला तरी आधार होता. इंग्रज डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर यांनी दम्यावरच्या १८६०च्या आपल्या ग्रंथात तिची शिफारस केली होती, आणि कॉफीतील कॅफीन श्वासनलिका थोड्याफार सैल करते हे पुढे सिद्धही झाले.

धोत्र्याच्या धुराने आराम पडत असे हे खरे. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळण्याचा हुकूम ज्या मज्जातंतूकडून सुटतो त्याचा अंमल धोत्र्यातील अल्कलॉइडे रोखून धरतात. परंतु हाच धोत्रा अन्नात कालवून वाटसरूंना बेशुद्ध करून लुटण्याचे गुन्हे आपल्या मुलखात इतके होत की नॉर्मन शेव्हर्स यांना १८५६ सालच्या आपल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात त्यांचा तपशीलवार परामर्श घ्यावा लागला. औषध आणि विष यांतील अंतर केवळ मात्रेचे, आणि चिलमीतल्या धुराची मात्रा मोजावी कशी, हा प्रश्न दीडशे वर्षे तसाच राहिला.

त्याला उत्तर मिळण्यास एक मुलगी कारण झाली. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या कन्येस दमा होता. हाताने दाबावयाच्या फुग्याचे काचेचे फवारणीपात्र सदैव बाळगावे लागे, ते नाजूक, आणि त्यातून किती औषध आत गेले याचा भरवसा नाही. केसांवर मारण्याच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का भरता येत नाही, असे तिने १९५५ साली वडिलांना विचारले, आणि पुढच्याच वर्षी दर दाबणीस ठराविक मात्रा सोडणारी झडप बसवलेले उपकरण विक्रीस आले. आज आपण ज्याला पंप म्हणतो तो हाच.

मात्रा मोजता आली खरी, पण धापेच्या क्षणापुरता आराम म्हणजेच उपचार, ही समजूत धुराच्या काळापासून चालत आलेली होती तशीच राहिली. साठाच्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत दम्याने दगावणाऱ्यांची, विशेषतः मुलांची आणि तरुणांची, संख्या एकाएकी वाढली. तेथे आयसोप्रेनालिन या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाचे तीव्र मात्रेचे पंप पुष्कळ खपत होते, आणि त्यांच्या अतिवापरावर संशयाचा रोख वळला. आराम पडतो आहे या भरवशावर पंप पुन्हा पुन्हा दाबीत राहिल्याने रुग्ण इस्पितळात फार उशिरा पोहोचत असावेत, असेही कित्येकांचे म्हणणे पडले. दम्याचे मूळ श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहात आहे, हे हळूहळू मान्य होत गेले. त्या दाहावर रोज घ्यावयाचे बेक्लोमेथासोन १९७२ साली श्वासावाटे देण्याची सोय झाली. लहान मुलांना पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ साधत नाही, म्हणून मध्ये पोकळ नळकांडे जोडण्याची युक्ती निघाली, आणि तान्ह्या मुलासाठी त्याला तोंडानाकावर बसणारा मुखवटाही आला. धोत्र्याच्या वंशातले औषधही नव्या रूपात परतले: अॅट्रोपिनच्या रेणूत फेरफार करून केलेले इप्राट्रोपियम आणि त्याच्या मागून आलेले टायोट्रोपियम रक्तात फार थोडे उतरते, आणि तंबाखूच्या अथवा चुलीच्या धुराने ज्यांची फुफ्फुसे कायमची अधू झाली आहेत त्यांना त्याचा मोठा आधार आहे.

आपल्याकडे मात्र तिथीच्या औषधावरची श्रद्धा अजून भक्कम आहे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून घ्यावयाच्या औषधासाठी ठिकठिकाणी दमेकरी जमतात. मृग लागला की हैदराबादेस जिवंत माशाच्या तोंडातून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी हजारोंची रांग लागते. या माणसांची थट्टा करणे मला अमानुष वाटते, कारण रात्र रात्र उशीला टेकून बसून काढणाऱ्याला एका रात्रीत सुटण्याची आशा वाटावी यात नवल नाही. परंतु त्याच माणसांच्या घरी डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप, सवय लागेल या धास्तीने, धाप थांबताच कपाटात ठेवला जातो, आणि त्याचा भार पोरांना सोसावा लागतो. ही चूक केवळ आपल्या घरांचीही नाही: जगभरच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत, नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर दमेकऱ्याला ठेवू नये, दाहावरचे औषध त्याच्या जोडीला असलेच पाहिजे, असा प्रौढांसाठी आणि किशोरांसाठी स्पष्ट दंडक घातला गेला तो २०१९ साली.