इंद्रायणीत बुडालेली कर्जखतं

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच्या आधी त्याच नदीत आणखी काही कागद बुडाले होते. ते होते कर्जाचे. आज त्यांची गोष्ट सांगते.

देहूचं मोरे घराणं खाऊनपिऊन सुखी होतं. शेती होती, व्यापार होता, सावकारीही होती. आईवडील गेले, थोरले भाऊ सावजी घर सोडून निघून गेले आणि तरण्या वयात सगळा प्रपंच तुकोबांच्या अंगावर पडला. त्यातच १६३० ते १६३२ चा मोठा दुष्काळ आला. पावसानं दगा दिला, वर दख्खनेत लढाया चाललेल्या. गुजरातपासून दख्खनेपर्यंत माणसं अन्नावाचून मेली. तुकोबांचं दिवाळं निघालं. पहिली बायको रखमाबाई भुकेनं गेली. लेकरूही गेलं.

एवढं सोसल्यावर माणूस देवाला शिव्याच देईल. तुकोबा मात्र आपल्या अभंगात विठ्ठलाला सांगतात, की हे सगळं माझ्या बऱ्यासाठीच झालं, त्यामुळेच मी तुझ्याकडे वळलो. विठ्ठल त्यांची माउली. आई रागावली तरी लेकरू तिच्याच पदराला धरतं, तसं हे नातं.

पण एक गोष्ट नीट ऐका. हे ते स्वतःच्या दुःखाबद्दल बोलले. आता उपाशी गावाशी ते कसे वागले ते बघा. घरात लोकांची कर्जखतं होती. दुष्काळ सरल्यावर वसुली करता आली असती. परंपरा सांगते, की तुकोबांनी त्या कागदांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धे कागद धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले. कुळं मोकळी झाली. पुढं तुकोबांच्या घरात ओढाताण राहिली आणि तिची झळ दुसऱ्या बायकोला, जिजाईला बसली. चांगल्या निर्णयाचीही किंमत द्यावी लागते, आणि ती बहुतेकदा घरातल्या बाईला द्यावी लागते, हेही विसरू नका.

मध्यंतरी आमच्या बैठकीत एका ताईंचे तीन हप्ते थकले. नवरा आजारी, म्हैस मेलेली. कुणीतरी पटकन म्हणालं, "देवानंच शिक्षा केली असंल तिला." ताई मान खाली घालून बसल्या. मला तेव्हा तुकोबा आठवले. "देवानं मला शिकवलं" असं ज्याचं त्यानं म्हणावं. दुसरीच्या दुःखावर तो शिक्का मारायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मग आम्ही कर्ज माफ केलं का? नाही. गटातला पैसा साऱ्याजणींच्या घामाचा. तुकोबांनीसुद्धा भावाचा वाटा बुडवला नाही, फक्त आपला बुडवला. आम्ही हप्ता निम्मा केला, मुदत वाढवली, दंड सोडला. चौघीजणींनी आपापल्या पैशातून तिच्या घरी धान्य पोचवलं.

देव कुणाला काय शिकवतो, ते त्याचं त्याला ठाऊक. थकलेल्या बाईशी कसं वागायचं, ते आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. रामकृष्णहरी.