कचेरीतल्या ध्यानाची कुळकथा

कामाच्या वेळेतून थोडा अवधी काढून डोळे मिटून बसावे, श्वासाकडे आणि अंगावर उमटणाऱ्या संवेदनांकडे लक्ष द्यावे आणि त्या सवयीतून रागलोभाला आवर घालावा, ही रीत आज ‘माइंडफुलनेस’ आणि ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या नावांनी मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत शिकवली जाते. तिचे मूळ शोधणारे बहुधा अमेरिकेतल्या रुग्णालयांपाशी किंवा कॅलिफोर्नियातल्या संगणक-कंपन्यांपाशी थांबतात. वास्तविक तिची वंशावळ त्याहून बरीच मागे जाते आणि वाटेत तिला एक अनपेक्षित पूर्वज भेटतो, तो म्हणजे रंगून येथील महालेखापालांची, म्हणजे सरकारी जमाखर्चावर देखरेख करणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याची, कचेरी.

या साधनेचा ग्रंथाधार पाली त्रिपिटकातील सतिपट्ठान सुत्त हा होय. ‘सती’ म्हणजे सावध स्मरण किंवा जागरूकता. ती काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार ठिकाणी प्रस्थापित करावी, असा या सुत्ताचा उपदेश आहे. येथे ‘वेदना’ या संज्ञेत केवळ दुःख अभिप्रेत नसून सुखद, दुःखद आणि या दोहोंत न बसणारी अशा सर्वच अनुभूती तिच्यात येतात. ग्रंथ प्राचीन असला तरी त्यातील साधना सर्वसामान्यांच्या नित्याच्या आचरणात होती असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या ब्रह्मदेशात ती थोड्याशा अरण्यवासी भिक्षूंपुरती मर्यादित होती आणि दान देणे, शील पाळणे, उपोसथाचे व्रत करणे एवढा गृहस्थांचा धर्म मानला जाई.

ही विभागणी मोडली ती राजकीय आपत्तीमुळे. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकले आणि थिबा राजाला पदच्युत करून पुढे रत्नागिरीला नेऊन ठेवले, जेथे १९१६ साली स्थानबद्धतेतच त्याचा अंत झाला. रत्नागिरीकरांना थिबा राजवाड्यामुळे या कथेचे एवढे टोक ठाऊक असते. दुसरे टोक ब्रह्मदेशात राहिले. तेथे राजा हा बौद्ध शासनाचा, म्हणजे बुद्धाच्या शिकवणीच्या परंपरेचा, आश्रयदाता आणि रक्षक होता. तो आश्रय नाहीसा झाल्यावर धर्म कोणी टिकवायचा, या प्रश्नाला लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूने दिलेले उत्तर असे, की जे काम राजाने करायचे ते आता प्रजेने करावे. ‘सयाडो’ हे ज्येष्ठ भिक्षूंना लावले जाणारे आदरार्थी उपपद आहे. त्यांनी देशभर फिरून व्याख्याने दिली, सोप्या ब्रह्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या, अभिधम्मासारखे क्लिष्ट शास्त्र गावोगावच्या अभ्यासमंडळांत पोचवले आणि संसारी माणसालाही विपश्यना, म्हणजे अनित्यतेचे प्रत्यक्ष निरीक्षण, साधू शकते असे ठामपणे सांगितले. त्यांच्या शिष्यांपैकी सया थेटजी (१८७३–१९४५) हे भिक्षू नव्हते, तर रंगूनजवळच्या एका खेड्यातील शेतकरी होते, आणि पुढे त्यांनी स्वतःच गुरुपद स्वीकारून लोकांना शिकवण्यास आरंभ केला. चीवर न घातलेला गुरू ही त्या काळी मोठीच नवलाई होती, आणि पुढचे बहुतेक सर्व काही तिच्यातूनच निघाले.

ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांनी १९३७ साली याच शेतकरी गुरूकडून दीक्षा घेतली. ते महालेखापालांच्या कचेरीत कारकुनीपासून चढत गेलेले अधिकारी होते. त्यांच्या शिकवण्याच्या आरंभाविषयी परंपरेत सांगितली जाणारी हकीकत लक्षणीय आहे. १९४१ साली रेल्वेच्या हिशेब-तपासणीच्या दौऱ्यावर असताना त्यांचा डबा मंडालेच्या दिशेच्या गाडीला चुकून जोडला गेला. त्यांनी ती संधी मानून त्या मार्गावरील स्थानकांचे हिशेब तपासले आणि क्यौक्से येथे उतरून वेबू सयाडो या ख्यातनाम भिक्षूचे दर्शन घेतले. तुम्ही आता इतरांना शिकवले पाहिजे, असा आदेश मिळताच सोबत आलेल्या स्टेशनमास्तरांना त्यांनी रेल्वेच्या डब्यातच, जेवणाच्या मेजांचे आसन करून, श्वासाचे निरीक्षण शिकवले. चमत्कारांच्या कथांनी भरलेल्या गुरुचरित्रांच्या दुनियेत तपासणी-दौऱ्यावर मिळालेली ही आज्ञा आपल्या साधेपणामुळेच विश्वसनीय वाटते.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन स्वतंत्र देशाचे पहिले महालेखापाल झाले. १९५० साली त्यांनी आपल्या कचेरीतच विपश्यना मंडळ स्थापन करून कर्मचाऱ्यांना साधना शिकवण्याची सोय केली आणि १९५२ साली रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र उघडले. सरकारी सेवेत ते त्यानंतरही पुष्कळ वर्षे होते, आणि एकाच वेळी अनेक खात्यांची जबाबदारी त्यांच्याकडे असे. गैरव्यवहाराने पोखरलेल्या सरकारी कृषी-विपणन मंडळाची, म्हणजे तांदळाचा व्यापार सांभाळणाऱ्या संस्थेची, घडी बसवण्यासाठीही त्यांनाच पाठवण्यात आले. याचा अर्थ असा, की कचेरीतल्या ध्यानाचा जेव्हा प्रथम प्रयोग झाला तेव्हा त्याची सांगड कामाच्या वेगाशी नव्हे, तर कामातल्या सचोटीशी घातलेली होती. चोरी आणि खोटे बोलणे वर्ज्य करणारे पंचशील ही साधनेची पहिली पायरी होती, आणि सरकारी हिशेबनिसाच्या बाबतीत तिचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नव्हती.

दहा दिवसांच्या शिबिराचा साचाही याच परिसरात पक्का झाला, कारण गृहस्थाला आणि नोकरदाराला वर्षानुवर्षे अरण्यात राहणे शक्य नसले तरी दहा दिवस कामधंदा बाजूला ठेवता येतो. प्रथम शीलाचे ग्रहण, मग काही दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या स्वाभाविक श्वासावर चित्त ठेवणे, आणि त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत शरीराच्या एकेका भागातील संवेदना क्रमाने पाहत जाणे, असा हा क्रम आहे. यामागील तर्क असा, की राग वस्तूमुळे किंवा माणसामुळे येतो असे वाटत असले, तरी वस्तू आणि राग यांच्या मध्ये शरीरावर उमटणारी एक संवेदना असते. खाते-वहीतली नोंद जमेची असो वा खर्चाची, हिशेबनीस ती जशी आहे तशी वाचतो, त्याप्रमाणे ही संवेदना सुखद असो वा दुःखद, ती बदलणारी आहे हे जाणून जो तिच्याकडे समतेने पाहू शकतो, त्याची प्रतिक्रिया तिथेच सैल पडते. भावनिक बुद्धिमत्तेच्या आधुनिक पुस्तकांत ‘स्वतःची भावना वेळीच ओळखणे’ या शब्दांत जे सांगितले जाते, त्याचे हे अधिक बारीक आणि अधिक कष्टाचे रूप होय.

ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे मंडाले येथे जन्मलेले मारवाडी व्यापारी होते. तीव्र अर्धशिशीने त्रस्त होऊन ते १९५५ च्या सुमारास गुरूंकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखीवरचा इलाज म्हणून ही साधना देण्यास गुरूंनी नकार दिला आणि चित्तशुद्धीचा हेतू असेल तरच यावे असे सुचवले, असे गोएंका पुढे सांगत असत. १९६९ साली ते भारतात आले. पहिले शिबिर मुंबईतील एका धर्मशाळेत भरले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले. त्या काळात बोधगया येथे त्यांच्या शिबिरांना बसलेल्या अमेरिकन तरुणांत जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन सॅल्झबर्ग आणि डॅनियल गोलमन होते. येथे वंशावळीला दोन फांद्या फुटतात. पहिल्या फांदीत गोल्डस्टीन आणि सॅल्झबर्ग यांनी जॅक कॉर्नफील्ड यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील बॅरी येथे ध्यानकेंद्र काढले. त्यांच्यावर महासी सयाडो यांच्या दुसऱ्या ब्रह्मी परंपरेचाही प्रभाव होता. याच फांदीवर, झेन आणि विपश्यना या दोन्ही धारांशी परिचित असलेल्या जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली त्याच राज्यातील वुस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ताणनिवारण कार्यक्रम सुरू केला. रंगूनच्या गुरूने ज्या हेतूला नकार दिला होता, तोच हेतू आता प्रवेशद्वार झाला. रुग्णालयात पाली परिभाषा चालण्यासारखी नव्हती, म्हणून ती गाळली गेली, आणि शीलही तिच्यासोबत मागे पडले.

दुसरी फांदी गोलमन यांची. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना शास्त्रीय निबंधात मांडली. गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घरोघरी आणि मुख्यतः व्यवस्थापकांपर्यंत नेली. या दोन्ही फांद्या २००७ साली गूगल कंपनीत पुन्हा एकत्र आल्या. तेथील अभियंता चेड-मेंग टॅन यांनी उभ्या केलेल्या अभ्यासक्रमात ध्यान हे साधन होते आणि भावनिक बुद्धिमत्ता हे साध्य, आणि त्यावर आधारित २०१२ च्या पुस्तकाला गोलमन आणि कबाट-झिन या दोघांच्याही प्रस्तावना आहेत. अशा रीतीने साधना पुन्हा कचेरीत आली, पण आता तिचा निकष कर्मचाऱ्याची उत्पादकता आणि स्वास्थ्य हा होता. ताण कमी होणे वाईट नव्हे. परंतु ज्या कामामुळे ताण निर्माण होतो ते काम योग्य आहे की नाही, हा प्रश्न विचारण्याची सोय या रूपात उरली नाही, आणि टीकाकारांचा मुख्य आक्षेपही तोच आहे.

महाराष्ट्रात मात्र मूळ साचा बराचसा तसाच टिकला. इगतपुरीच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, फोन व पुस्तके जमा करून घेतली जातात, आर्यमौन, म्हणजे इतर साधकांशी वाणीने वा खुणांनीही न बोलणे, पाळावे लागते आणि राहण्या-जेवणाचे शुल्क घेतले जात नाही. शिबिर पुरे केलेल्या जुन्या साधकांच्या दानावर ते चालते. राज्य शासनाने आपल्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजा देण्याची तरतूद केलेली आहे. त्या रजेवर गेलेला लेखाविभागातील कर्मचारी पहिल्या संध्याकाळी पंचशील घेतो, तेव्हा त्यात चोरी न करण्याचे आणि खोटे न बोलण्याचे वचन असते.