तांदळातले खडे आणि माझी 3 सिरीज

गेल्या पावसाळ्यात मी माझी बीएमडब्ल्यू विकायला काढली. 2016 ची 3 सिरीज, मी दुसरा मालक. घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे हवे होते. पुण्यातल्या एका डीलरने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि 13 लाख सांगितले. मी सर्व्हिसची फाइल पुढे केली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही. "साहेब, फाइल सगळ्यांकडेच असते."

राग आला, पण त्याचं म्हणणं खोडता येईना. त्याचं उत्तर शोधताना मी एका जुन्या निबंधापाशी पोहोचलो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तो बर्कलेमध्ये 1966-67 साली लिहिला. अमेरिकन बोलीत सदोष गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणून शीर्षक 'द मार्केट फॉर लेमन्स'. मांडणी अगदी सोपी आहे. समजा, बाजारात निम्म्या गाड्या 16 लाखांच्या लायकीच्या आहेत आणि निम्म्या 8 लाखांच्या. कोणती कुठली हे फक्त विकणाऱ्याला माहीत. मग घेणारा सरासरी धरून 12 देतो. या भावात चांगल्या गाडीचा मालक विकतच नाही. तो बाजूला झाला की बाजारात खटारेच जास्त उरतात, भाव आणखी उतरतो. माझे 13 लाख हे माझ्या गाडीचे नव्हतेच, मला न भेटलेल्या खोटारड्यांची ती सरासरी होती.

निबंध पाठवून अकरलॉफ भारतात आले. 1967-68 हे वर्ष त्यांनी दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काढलं. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'चं नकाराचं पत्र त्यांना इथेच मिळालं: इतक्या क्षुल्लक विषयावरचे लेख आम्ही छापत नाही. आणखी दोन नियतकालिकांनी नाकारल्यावर निबंध 1970 मध्ये छापून आला. 2001 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

छापलेल्या निबंधात भारत जागोजागी आहे. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगारूपाचे खडे निवडत बसणाऱ्या गृहिणी आहेत. कर्जदाराला ओळखतो म्हणून धंदा करू शकणारा गावचा सावकार आहे. बाहेरचा कुणी कमी व्याज लावून त्याच्याशी स्पर्धा करायला आला, तर बुडवणारेच त्याच्या वाट्याला येतात. सुपात तांदूळ घेऊन बसलेली आजी मी लहानपणी रोज पाहिली आहे. ती अर्थशास्त्र करत होती, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

गंमत म्हणजे त्या काळात आपल्याकडे जुन्या गाडीचं दुखणं वेगळंच होतं. लायसन्स राजमध्ये वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली चेतक छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. टंचाई असली की खोट कोण बघतो? 2007 मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईजवळ 3 सिरीजची जुळणी सुरू केली, तोवर टंचाई संपली होती. उरला होता संशय.

आणि माझ्या तांदळातही एक खडा होता. डावा मागचा दरवाजा आधीच्या मालकाच्या काळात ठोकला गेला होता. रंग इतका बेमालूम की मला स्वतःला वर्षभराने कळलं. सांगावं का? न सांगितलं तर मीही त्या सरासरीत गेलो.

मी सांगायचं ठरवलं. दोघे ऐकून निघून गेले. तिसरे गृहस्थ सांगलीहून मुलाला घेऊन आले. त्यांचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नव्हताच: "तुमचं गाव कुठलं?" मग मी दरवाजा दाखवला. ते म्हणाले, "हे सांगितलंत, म्हणजे बाकीचंही खरंच असणार." तरी त्यांनी स्वतःचा मेकॅनिक आणून गाडी लिफ्टवर चढवलीच. 14 लाख 60 हजारांना व्यवहार ठरला.

मग माझी पाळी आली. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. नाव न बदलता गाडी हातोहात विकली गेली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. राज्यातल्या राज्यात विकताना 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29 आणि 30 वर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

त्यानंतर रोज रात्री मी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बघत होतो. दरवाज्याबद्दल त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. नाव बदलून घेतील, एवढा विश्वास मला त्यांच्यावर ठेवता येत नव्हता. एकोणिसाव्या दिवशी नाव बदललं. बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.