प्रक्षेप गती व क्षेत्रे यांवरील उदाहरणे (बारामती–इंदापूर परिसर)

प्रक्षेप गती व क्षेत्रे यांवरील उदाहरणे : फेकलेल्या वस्तूची गती, गुरुत्वीय क्षेत्र आणि विद्युत क्षेत्र या विषयांवरील उच्च माध्यमिक भौतिकशास्त्रातील उदाहरणांचा गट. बालभारतीच्या २०१९ पासूनच्या अकरावीच्या पुस्तकात ही उदाहरणे तीन दूरच्या प्रकरणांत विभागली आहेत : प्रतलातील गती (३ रे), गुरुत्वाकर्षण (५ वे) व स्थिर विद्युत (१० वे). मुळात हा गट एकच आहे. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न सारखाच असतो : वस्तू जेवढ्या जागेत फिरते तेवढ्या जागेत क्षेत्र सर्वत्र सारखे धरता येते का? येत असेल, तर त्वरण स्थिर, मार्ग अन्वस्त आणि हिशोब दोन ओळींचा. येत नसेल, तर ऊर्जा व कोनीय संवेग यांच्या अक्षय्यतेकडे वळावे लागते. सूत्र निवडण्याआधी हा प्रश्न विचारला, तर निम्मे उदाहरण तिथेच सुटते. प्रस्तुत नोंदीत पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील वस्तू, यंत्रे व जागा उदाहरणांसाठी घेतल्या आहेत.

स्थानिक गुरुत्व त्वरण : बारामती सुमारे १८.१५° उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. अक्षांश व उंची यांच्या प्रमाण सूत्रांवरून येथील गुरुत्व त्वरण ९.७८ मी./से.² येते. पुस्तकातील ९.८ हा आकडा त्याहून ०.२ टक्क्याने जास्त. परीक्षेत हा फरक नगण्य आहे. अनेकदा तर १० हाच आकडा दिलेला असतो. पुढील सर्व हिशोबांत ९.७८ वापरला आहे.

गोफण : या भागाच्या जिरायती पट्ट्यात रब्बी ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखण्यासाठी शेतात माळा उभारून त्यावरून गोफण फिरवीत. गोफणीचा दगड हे प्रक्षेप्याचे सर्वांत शुद्ध देशी उदाहरण होय. दोरीचे एक टोक सुटताच दगडावर आडवे बल उरत नाही. तो वर्तुळाच्या स्पर्शरेषेत निघतो आणि त्यानंतर त्याच्यावर (हवा सोडल्यास) फक्त गुरुत्वच काम करते. समजा दगड ३० मी./से. वेगाने सुटला. सपाट जमिनीवर ४५° कोनात पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण, अर्थात ९२ मी. आता तोच दगड ३ मी. उंचीच्या माळ्यावरून सोडला, तर कमाल पल्ला ९५ मी. होतो आणि त्यासाठीचा कोन ४५° न राहता सुमारे ४४° होतो. पाठ केलेले पल्ल्याचे सूत्र इथे चालत नाही, कारण ते फेकण्याची व पडण्याची जागा एकाच पातळीवर असेल तरच खरे असते. विद्यार्थ्यांच्या चुकांपैकी ही सर्वांत वारंवार दिसणारी चूक आहे. उपाय साधा आहे : आडवी आणि उभी गती वेगळी लिहावी, उभ्या समीकरणातून वेळ काढावा आणि तोच वेळ आडव्या समीकरणात घालावा. या रीतीला पातळीची अट नाही.

क्षेत्र सारखे धरण्याची मुभा किती पक्की आहे तेही याच उदाहरणात तपासता येते. ९५ मीटरांत पृथ्वीचा पृष्ठभाग स्पर्शरेषेपासून खाली वळतो तो फक्त ०.७ मिलिमीटर (अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या त्रिज्येची दुप्पट). म्हणून गोफणीसाठी जमीन सपाट आणि गुरुत्व समांतर धरणे पूर्ण योग्य. पुण्यात पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने (स्थापना १९५८) विकसित केलेल्या पिनाक अग्निबाणाच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे ३७.५ किमी. आहे. तेवढ्या अंतरात हीच वक्रता ११० मीटर भरते. तिथे सपाट जमिनीचे गृहीतक सोडून द्यावे लागते.

रेनगन : उसाला व चाऱ्याच्या पिकांना पाणी देणारी ही मोठी तुषार तोटी आहे. तोटीपाशी दाब ३ किलो (प्रति चौ. सेंमी.) असेल, तर पाणी सुमारे २४ मी./से. वेगाने सुटते. २४° कोनात निर्वात पल्ला ४४ मी. आणि ४५° कोनात ५९ मी. येतो. तरीही रेनगनची तोटी २४° च्या आसपासच बसवतात. उंच चढणारी धार हवेत अधिक वेळ राहते, फुटून थेंब होते, वाऱ्याने वाहते. थेंब जितका लहान तितका हवेचा रोध वजनाच्या मानाने मोठा. प्रत्यक्ष पल्ला या आकड्यांपेक्षा बराच कमी भरतो. ‘हवेचा रोध नगण्य माना’ ही ओळ उदाहरणात का लिहिलेली असते, हे फळ्यापेक्षा उसाच्या बांधावर लवकर कळते.

वालचंदनगर : इंदापूर तालुक्यातील औद्योगिक वसाहत. उद्योजक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या नावाची. आरंभ ऊस व साखरेचा. पुढे साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता अवजड अभियांत्रिकी. वालचंदनगर इंडस्ट्रीज ही कंपनी १९७० च्या दशकापासून भारतीय अवकाश कार्यक्रमासाठी घन इंधनाच्या मोटरींची पोलादी कवचे तयार करीत आली आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची (व्यास २.८ मी., इंधन सुमारे १३९ टन) आणि एलव्हीएम-३ च्या एस-२०० या बाजूच्या मोटरींची (व्यास ३.२ मी., प्रत्येकीत सुमारे २०० टन इंधन) कवचे यांत येतात. ती मॅरेजिंग पोलादाची असतात. हे काम एकट्या वालचंदनगरचे नाही. एस-२०० च्या भागांत लार्सन अँड टुब्रोचाही वाटा आहे.

प्रक्षेप गतीच्या दृष्टीने या कवचाचे आयुष्य दोन भागांत पडते. मोटर जळत असते तोवर रॉकेट हे प्रक्षेप्य नसते. त्याचे वस्तुमान सेकंदागणिक घटते, त्यावर प्रणोद असतो, त्वरण बदलत राहते. पल्ल्याचे किंवा कमाल उंचीचे सूत्र येथे लावणे चूक. उड्डाणानंतर सुमारे दोन मिनिटांनी, ६० किमी.च्या आसपास उंचीवर, जळून गेलेल्या एस-२०० मोटरी सुटतात. त्या क्षणापासून ते रिकामे कवच खऱ्या अर्थाने प्रक्षेप्य होते : आणखी वर चढते, वळते आणि बंगालच्या उपसागरात पडते. ६० किमी. उंचीवर गुरुत्व त्वरण पृष्ठभागापेक्षा १.९ टक्के कमी असते (पृथ्वीच्या त्रिज्येला वाढलेल्या त्रिज्येने भागून वर्ग). म्हणजे दोन अंकांपुरत्या उत्तरासाठी स्थिर त्वरण अजून चालते, तीन अंकांसाठी चालत नाही. ‘क्षेत्र सारखे आहे का’ या प्रश्नाचे उत्तर किती अचूकता हवी यावर अवलंबून असते, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण या परिसरात नाही.

उरलेल्या यानाचा हिशोब मात्र पूर्णपणे बदलतो. चंद्रयान-३ चे उड्डाण याच एलव्हीएम-३ वरून १४ जुलै २०२३ रोजी झाले आणि यान सुमारे १७० किमी. × ३६,५०० किमी.च्या कक्षेत सोडले गेले. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किमी. मिळवून मध्यापासूनची अंतरे ६,५४८ व ४२,८७८ किमी. होतात. ऊर्जेच्या समीकरणाने उपभू (पृथ्वीला सर्वांत जवळच्या) बिंदूपाशी वेग १०.३ किमी./से. येतो. अपभू (सर्वांत दूरच्या) बिंदूपाशीच्या वेगासाठी दुसरे समीकरण मांडण्याची गरज नाही : कोनीय संवेग अक्षय्य असल्याने वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून १.५७ किमी./से. त्या उपभू उंचीवर मुक्तिवेग ११.०३ किमी./से. आहे, यान त्याच्या खाली आहे, म्हणून त्याचा मार्ग बंद लंबवर्तुळ आहे. गोफणीचा दगडही नेमका पाहिल्यास अशाच एका लंबवर्तुळाच्या टोकाचा तुकडा चालतो. पृथ्वी मध्ये येते म्हणून उरलेले लंबवर्तुळ पुरे होत नाही.

उजनीचा जलाशय : भीमा नदीवरील उजनी धरण (पूर्ण १९८०) माढा तालुक्यात, पण त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेने भिगवणच्या पुढे पोहोचतो. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. गुरुत्वीय व विद्युत क्षेत्रांतील साम्य दाखवण्यास हा जलाशय उपयोगी पडतो. विस्तीर्ण सपाट थराचे क्षेत्र थरापासूनच्या अंतरावर अवलंबून नसते, फक्त प्रति चौरस मीटर वस्तुमानावर असते. प्रभारित विस्तीर्ण पत्र्याचे विद्युत क्षेत्रही तसेच. गाउसचा नियम दोन्हीकडे एकच आहे, फक्त स्थिरांक बदलतो.

पाणी पाच मीटरने चढले असे धरू. वाढलेल्या थराचे आकर्षण : २ × पाय × गुरुत्वस्थिरांक × ५,००० किलो प्रति चौ. मी., म्हणजे ०.०००००२१ मी./से.². भूभौतिकीच्या एककात ०.२१ मिलिगॅल (१ मिलिगॅल = एक मी./से.² चा लक्षांश). होडीत बसून मापन करणाऱ्याला गुरुत्व तेवढ्याने वाढलेले दिसेल का? दिसणार नाही. होडीही पाच मीटर वर गेली आहे आणि उंचीमुळे प्रति मीटर ०.३०९ मिलिगॅल घट होते, एकूण १.५४. दोन्ही मिळून निव्वळ घट १.३३ मिलिगॅल. थराचे आकर्षण वाढवते, उंची कमी करते, आणि उंची जिंकते.  हे उदाहरण वर्गात जरूर द्यावे.

कुर्डूवाडीची गुरुत्व विसंगती : इंदापूरच्या पूर्वेला सोलापूर जिल्ह्यातील कुर्डूवाडीच्या परिसरात गुरुत्व त्वरण अपेक्षेपेक्षा काही मिलिगॅलनी कमी-जास्त आढळते. कृष्ण ब्रह्मम व नेगी यांनी १९७३ मध्ये अशा मापनांवरून दख्खनच्या बेसाल्ट थरांखाली कोयना व कुर्डूवाडी या दोन खचदऱ्या दडलेल्या असाव्यात असे अनुमान मांडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या अनुमानाकडे पुन्हा लक्ष गेले. त्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पृष्ठभागावरील एकाच क्षेत्रमापनाला खालच्या वस्तुमानाच्या अनेक रचना जुळू शकतात, हे त्यामागील तत्त्व.

विद्युत क्षेत्र : निरभ्र हवेत जमिनीलगत सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र खालच्या दिशेने असते. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग आले की ते उलटते आणि शेकडो पटींनी वाढते. ठरीव उदाहरण असे : ढगाच्या तळाशी, ५ किमी. उंचीवर, उणे ४० कूलोम आणि माथ्याशी, १० किमी.वर, अधिक ४० कूलोम. जमीन वाहक असल्याने प्रत्येक प्रभाराची प्रतिमा धरून क्षेत्र दुप्पट करावे लागते; विद्यार्थी इथेच चुकतात. उत्तर २१,६०० व्होल्ट प्रति मीटर, दिशा वर. प्रत्यक्षात जमिनीवर इतके क्षेत्र क्वचितच टिकते, कारण झाडांच्या, उसाच्या पात्यांच्या टोकांतून प्रभार हवेत झिरपतो आणि क्षेत्राला आवर घालतो. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे उपयोजन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (स्थापना १९६२) विकसित केले आहे. विजेच्या दिवसांत उघड्या रानात काम करणाऱ्यांनी ते वापरावे.

दोन पट्ट्यांमधील इलेक्ट्रॉन हा प्रक्षेप गतीचाच दुसरा अवतार. १,००० व्होल्टने वेग दिलेला इलेक्ट्रॉन २ सेंमी. अंतरावरील, १०० व्होल्ट फरकाच्या, ४ सेंमी. लांब पट्ट्यांमधून गेला, तर तो बरोबर २ मिलिमीटर वळतो. उत्तरात इलेक्ट्रॉनचा प्रभारही राहत नाही, वस्तुमानही राहत नाही. तेवढ्याच व्होल्टने वेग दिलेला प्रोटॉन उलट दिशेने तेवढाच वळेल. तेवढ्या वेळात गुरुत्वाने इलेक्ट्रॉन जेवढा पडतो ते अंतर यापेक्षा सुमारे नव्वद हजार अब्ज पटींनी लहान आहे. म्हणून या उदाहरणांत गुरुत्व सोडून देतात.

परीक्षा : एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, सुमारे वीस टक्के अकरावीवर, भौतिक व रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नामागे मिनिटही न मिळाल्याने सूत्रांचे तक्ते पाठ करण्याकडे कल वाढतो. त्याने समपातळीचे, समान क्षेत्राचे प्रश्न सुटतात. वर दिलेल्यांपैकी माळ्याचे, होडीचे व ढगाचे उदाहरण सुटत नाही.

भाषा : दहावीपर्यंत ‘गुरुत्वाकर्षण’ व ‘अवकाश मोहिमा’ ही प्रकरणे मराठीतून, अकरावीपासून लेखन इंग्रजीतून, वर्गातील स्पष्टीकरण बहुधा मराठीतून.

अध्यापन संस्था : तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, बारामती (१९६२), विद्या प्रतिष्ठान, बारामती (१९७२), कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय, इंदापूर.